सुईणीनं लावलेला क्लास

प्रसूतिगृहात सगळे तिला ताई म्हणत. डॉक्टर म्हणत, झाडूवाले म्हणत आणि बाळंतपणाला आलेल्या बायका तर म्हणतच. सुईणीच्या कामात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. बाजारात भाजी निवडताना कुणीतरी मिसरूड फुटलेल्या मुलाला पुढे ढकलून म्हणे, "ताई, हा तुमचाच बरं का," आणि तो मुलगा स्वतःच्या चपलांकडे बघत उभा राही. ताई त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणे, "डोकं मोठं होतं तुझं. आईला फार छळलंस." मुलगा लाल होई, आई खूष होई आणि भाजीवाला दोन मिरच्या जास्त घाली.

तिची स्वतःची कूस मात्र उजवली नव्हती. सुरुवातीला तिनं वाट पाहिली, मग उपाय केले, आणि मग तो विषयच उचलून माळ्यावर ठेवून दिला. नवऱ्यानंही तो कधी खाली काढला नाही. दोघं सुखात होती. आणि चाळिशी उलटल्यावर, दोघांना ज्या वर्षी चष्मे लागले त्याच वर्षी, तिला दिवस गेले.

बातमी कळली तेव्हा प्रसूतिगृहात आनंदीआनंद झाला. थोरली सिस्टर, जी एरवी हसण्यावरही कर असल्यासारखी वागायची, तीसुद्धा ताईच्या गळ्यात पडली. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ एक विचित्र गोष्ट घडली. ताईला कुणी काही सांगेनासं झालं.

डॉक्टर तपासत आणि म्हणत, "तुम्हाला मी काय सांगणार? तुम्हीच मला सांगा." ताईनं थोरल्या सिस्टरला विचारलं, "पाठीत इथं सारखं दुखतं गं, काय असेल?" तर ती हसून म्हणाली, "तुम्ही मला विचारताय होय? सूर्याला काजवा दाखवू का?" आणि पुढच्या खोलीत निघून गेली. पंगतीत वाढणाऱ्या बाईचं जेवण झालं की नाही हे कुणी विचारत नाही, तसं तिचं झालं.

आणि ताई घाबरलेली होती. मन चिंती ते वैरी न चिंती. इतर बायकांना भीती वाटते ती अंधाऱ्या खोलीची. ताईला त्या खोलीतलं सगळं सामान पाठ होतं. काय काय बिघडू शकतं, कुठल्या टप्प्यावर बिघडतं, बिघडल्यावर डॉक्टरांचा चेहरा कसा होतो, हे सगळं तिला ठाऊक. कधीच न बिघडलेली ढीगभर बाळंतपणंही तिनं पाहिली होती, पण ती काही वेळेवर आठवत नव्हती.

एक दिवस जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "मला क्लास लावायचाय."

"कसला?"

"बाळंतपणाचा. गरोदर बायका नवऱ्यांना घेऊन जातात ना, तसला."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बंद पडलेल्या गोष्टींपुढे घाई करायची नाही, ही त्याची सवय. त्यानं घास संपवला, वर तो पाणी प्यायला. मग म्हणाला, "अगं, तो तूच शिकवतेस."

"म्हणूनच तर. मला समोर बसायचंय. गावाच्या पलीकडच्या टोकाला एक चालतो, पोहण्याच्या तलावाच्या वरच्या मजल्यावर. तिथं मला कुणी ओळखत नाही."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"खोटं कशाला? विचारलं तर सांगू. न विचारता गावभर दवंडी कशाला पिटायची?"

पण पहिल्याच दिवशी विचारलं. जोडपी गोल करून रबरी सतरंज्यांवर बसली होती. खालून तलावाच्या औषधाचा वास येत होता, पोरांचे धपाधप उड्या मारण्याचे आवाज येत होते. शिकवणारी सुईण विशीतली, किडकिडीत आणि आवाज असा बारीक, की ताईनं मनातल्या मनात तिचं नाव चिमणी ठेवून टाकलं. चिमणीच्या हातात टिपणांचे कागद होते आणि ते थरथरत होते. "आपण एकमेकांची ओळख करून घेऊ या," ती म्हणाली. "तुम्ही काय करता?"

ताईनं तोंड उघडलं आणि मिटलं. 

"शिवणकाम," नवरा म्हणाला.

घरी जाताना ताई त्याच्यावर उखडली. तो शांतपणे गाडी चालवत म्हणाला, "खोटं कुठं बोललो? टाके घालत नाहीस का तू?" ताईला हसू आवरेना, आणि पोट एवढं असताना हसणं सोपं नसतं.

त्या दिवसापासून क्लासमध्ये तिचं नाव शिवणताई पडलं. क्लासमध्ये एक आजी यायच्या. सुनेला घेऊन यायच्या, कारण मुलाची कामाची पाळी त्याच वेळेला असे. चिमणीनं काहीही सांगितलं की आजींचं सुरू होई, "आमच्या वेळी..." आमच्या वेळी असे चेंडू नव्हते. आमच्या वेळी नवरे ओसरीवर बसायचे, गुपचूप. आमच्या वेळी श्वास आपोआप यायचा, तो शिकावा लागत नव्हता. दुसऱ्या खेपेला आजी ताईकडे स्वतःचा एक कोट घेऊन आल्या. "अस्तर उसवलंय. शिवून द्याल का? पुढच्या वेळी आणलात तरी चालेल." ताईनं तो घरी नेला आणि ज्या टाक्यांची तिच्या हाताला सवय होती त्याच टाक्यांनी शिवला. आजींनी चष्मा लावून अस्तर पाहिलं, उलटं करून पाहिलं. "फारच बारीक काम हो तुमचं," त्या म्हणाल्या. "कुठं शिकलात?" नवऱ्यानं त्या वेळी खिडकीबाहेर बघणं पसंत केलं.

क्लास ताईला सोपा गेला नाही. शिकवणाऱ्याला शिकायला बसवणं म्हणजे ड्रायव्हरला मागच्या सीटवर बसवणं. एकदा चिमणीनं कमरेच्या हाडांचा प्लास्टिकचा सापळा हातात घेतला आणि बाळ बाहेर कसं येतं ते दाखवायला त्यातून बाहुली सरकवू लागली. बाहुलीचं तोंड भलतीकडे होतं. ताईला ते पहिल्या क्षणी दिसलं. तिचे हात शिवशिवले. तिनं ते मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. बाहुली अडकली. चिमणीनं ती ढकलली, वळवली, ओढली. सगळे श्वास रोखून बघत होते, एक उंच नवरा तर पांढराफटक पडला होता. मग चिमणी थांबली, बाहुलीकडे नीट बघून स्वतःच हसली आणि म्हणाली, "बाळाचं बरोबर आहे. माझंच चुकलं. परत करू या."

सगळे हसले. उंच नवऱ्याच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. आणि ताईच्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत आपण वर्गात एकदाही असं म्हटलेलं नाही. आपली बाहुली कधी अडकली नाही. पण आपल्या वर्गात अशी माणसंही कधी सैलावून हसली नाहीत.

त्यानंतर ती खरोखरच शिकायला बसली. चेंडूवर डुलायला सांगितलं की डुलायची, नवऱ्यानं पाठ चोळायची म्हटलं की पाठ द्यायची. आजींनी एक दिवस चिमणीला पेचात पकडलं. "पोरी, तुला स्वतःला मूल आहे का?"

"नाही आजी."

"मग तुला गं काय कळणार?"

ताईच्या छातीत जुनी सुई टोचली. हा प्रश्न तिनं अनेकदा झेलला होता, कधी तोंडावर, कधी पाठीमागे. प्रत्येक वेळी ती गप्प बसून कामाला लागली होती. चिमणीनं मात्र डोळे मिचकावले. "आजी, तुमच्या दातांच्या डॉक्टरांचे सगळे दात किडलेत का?"

 आजी स्वतःच्या कवळीला हात लावत म्हणाल्या, "नाही बाई, त्याचे चांगले आहेत." आणि त्या दिवशी त्यांचं "आमच्या वेळी" पुन्हा निघालं नाही.

त्याच दिवशी, कुणाला काही विचारायचंय का, असं चिमणीनं म्हटल्यावर ताईनं हात वर केला. तिला स्वतःलाच त्याचं आश्चर्य वाटलं. "मला फार भीती वाटते," ती म्हणाली. "माझं वय झालंय. काय काय होऊ शकतं ते मला माहीत आहे. म्हणजे ऐकलंय. डोक्यातून जात नाही."

चिमणी तिच्यासमोर सतरंजीवर येऊन बसली. कागद तिनं बाजूला ठेवले. "भीती जाईल असं मी सांगणार नाही," ती म्हणाली. "पण ती एकटीनं वागवू नका. त्या दिवशी जी सुईण असेल तिला आल्याआल्या सांगा, मला याची याची भीती वाटते. मग त्यावर लक्ष ठेवणं तिचं काम. तुमचं काम फक्त बाळंत व्हायचं."

एवढंच. ताईनं हे वाक्य आपल्या बायकांना निरनिराळ्या शब्दांत कितीदा तरी सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि सांगून घेणं वेगळं. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात ते उगाच नाही. परतताना ती गाडीत झोपून गेली, आणि घर आल्यावर नवऱ्यानं तिला लगेच उठवलं नाही.

गुपित फुटलं ते क्लासच्या शेवटच्या दिवशी. सगळे निघायच्या तयारीत होते, आजी कोट चढवत होत्या, आणि त्यांची सून उभी राहता राहता थबकली. सतरंजीवर पाणी सांडलं. पाणमोट फुटली होती आणि तारखेला अजून बराच अवकाश होता. सून रडकुंडीला आली. आजींचा एक हात कोटाच्या बाहीतच राहिला.

ताई उठली. उठली म्हणजे तिच्या पायांनीच तिला उठवलं, इतक्या वर्षांच्या सवयीनं. बाह्या सारत ती दोन पावलं पुढे गेली असेल, तेवढ्यात चिमणीचा हात तिच्या खांद्यावर आला.

"शिवणताई, तुम्ही बसा. तुमचेही दिवस भरत आलेत."

आवाज तोच बारीक होता, पण आता त्यात कंप नव्हता. ताई बसली. बसून तिनं पाहिलं. चिमणीनं सुनेला कुशीवर निजवलं, पाण्याचा रंग पाहिला, पोटावर हात ठेवून बाळाची ठेवण पाहिली, गळ्यातलं यंत्र लावून ठोके ऐकले आणि तिच्या कानाशी लागून काहीतरी सांगत राहिली. त्या सांगण्यानं सुनेचं रडं थांबलं. मध्येच चिमणी नवऱ्याला, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, म्हणाली, "तुम्ही खाली जाऊन रुग्णवाहिकेला दार दाखवा. आणि लिफ्ट चालू आहे ना ते बघा." अशा वेळी कुणाला कुठलं काम द्यावं हेही तिला कळत होतं. ताईला त्यातलं एकही पाऊल बदलावंसं वाटलं नाही. उलट तिला असं वाटलं, की गेले कित्येक महिने आपण एक जड पिशवी हातात धरून उभ्या होतो आणि ती आत्ता कुणीतरी घेतली.

रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर स्ट्रेचर घेऊन वर आला, त्यानं खोलीभर नजर फिरवली आणि तो थबकला. "अहो ताई, तुम्ही इथं? मग आम्हाला कशाला बोलावलंत?"

सगळे ताईकडे वळून बघू लागले. ड्रायव्हरला वाटलं, आपलं काही चुकलं. म्हणून त्यानं आणखी भर घातली, "आमची दोन्ही पोरं यांच्याच हातची. जुन्या प्रसूतिगृहातल्या मोठ्या सुईणबाई या."

आजी सुनेच्या मागोमाग दाराबाहेर निघाल्या होत्या. त्या वळून ताईकडे बघत राहिल्या, मग कोटाच्या अस्तरावर त्यांचा हात गेला. "तरीच," एवढंच म्हणून त्या गेल्या.

खोली रिकामी झाल्यावर चिमणी फरशी पुसायला बसली. नवरा तिला मदत करायला गेला तर तिनं फडकं दिलं नाही. "आम्हाला शिकताना तुमच्याबद्दल सांगायचे," ती मान वर न करता म्हणाली. "टाके बघावे तर त्यांचे, म्हणायचे. आणि तुम्ही मागे बसून माझी परीक्षा घेत होतात. ती बाहुली..."

"परीक्षा घेणारी बाई कशी बघते, ठाऊक आहे ना तुला?" ताई म्हणाली. "मी तशी बघत होते का?"

चिमणीनं फडकं पिळलं. विचार केला. "नाही," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही त्या सगळ्या बघतात तशाच बघत होतात."

"कारण मी त्यांच्यातलीच आहे. आमच्या प्रसूतिगृहात मला कुणी काही सांगतच नाही गं. सगळ्यांना वाटतं, हिला सगळं येतं. येतं खरं. पण स्वतःच्या पोटाला हात लावला की सगळं विसरायला होतं." मग तिनं विचारलं, "तू माझं बाळंतपण करशील?"

चिमणीच्या हातातलं फडकं बादलीत पडलं. "माझे हात कापतील."

"सुरुवातीला कापतात. पुढे कापत नाहीत. आज पाहिलं मी."

चिमणीनं बादलीतलं फडकं बाहेर काढलं. मग म्हणाली, "एका अटीवर. त्या दिवशी तुम्ही शिवणताई. सुईण मी."

तो दिवस उन्हाचा होता. सकाळची न्याहारी आटोपताना कळा सुरू झाल्या आणि दोघं गावाच्या त्या टोकाला, चिमणी काम करायची त्या प्रसूतिगृहात पोचली. खोली छोटी होती. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसत होती, भिंतीवर एक घड्याळ होतं. चिमणीनं आल्याआल्या ते उतरवून ठेवलं. "यात बघायचं नाही," ती म्हणाली. "हं, आता सांगा. कशाची भीती वाटते?"

ताईनं सांगितलं. एक एक करून सगळं सांगितलं, नीट नावानिशी. चिमणीनं ते ऐकून घेतलं, कशाला हसली नाही आणि कशाला उडवूनही लावलं नाही. "ठीक," ती म्हणाली. "हे आता माझ्याकडे."

तरी ताईचा स्वभाव कुठे जाणार? दर तपासणीनंतर ती विचारी, "कितपत उघडलंय?" आणि चिमणी म्हणे, "चांगलं चाललंय."

"चांगलं म्हणजे किती?"

"शिवणताई."

"बरं, बरं."

नवरा ओला रुमाल घेऊन उभा होता. तो कपाळावर ठेवावा की मानेवर, हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो आळीपाळीनं दोन्हीकडे ठेवत होता. दुपार चढली तशा कळा एकीवर एक येऊ लागल्या. ताई चेंडूवरून उठली, भिंतीला टेकली, पुन्हा चेंडूवर गेली, गुडघ्यांवर आली. आणि मग ती एकदम सरळ होऊन, अगदी शांत आवाजात म्हणाली, "मला नाही हे जमायचं. चपला दे माझ्या. मी घरी जाते."

हे वाक्य तिनं आयुष्यभर ऐकलं होतं. जवळजवळ प्रत्येक बाई ते म्हणते, आणि म्हणाली की सुईण ओळखते, आता फार वेळ उरला नाही. ताई स्वतः हे वर्गात हसत हसत सांगायची. पण त्या क्षणी तिला यातलं काही आठवलं नाही. तिला खरोखरच चपला हव्या होत्या. नवऱ्यानं चिमणीकडे पाहिलं. चिमणी त्याच्याकडे बघून गालात हसली, आणि हातमोजे चढवू लागली.

मुलगी झाली. बाहेर आली ती गप्पच आली. त्या एवढ्याशा गप्पपणात ताईला सगळी भीती पुन्हा एकदम दिसली. तिनं मान उचलली. चिमणी टॉवेलनं बाळाची पाठ चोळत होती, शांतपणे, जणू घरचंच मूल न्हाऊन आलंय. मग बाळानं तोंड वाकडं केलं आणि असा काही सूर लावला, की खाली गाडी लावणारा एक माणूस वर बघू लागला. नवरा रुमालात तोंड खुपसून रडला. तो रुमाल आधीच ओला होता म्हणून बरं.

"आवाज कुणाचा घेतलाय?" चिमणीनं बाळाला ताईच्या छातीवर ठेवत विचारलं.

"तुझा नाही, हे नक्की," ताई म्हणाली, आणि तिघंही हसली.

दोन दिवसांनी तिच्या प्रसूतिगृहातली मंडळी घरी आली. थोरली सिस्टर सगळ्यात पुढे, फुगलेली. बाळाकडे न बघताच ती पलंगाशी उभी राहिली. "आम्ही काय मेलो होतो?" ती म्हणाली. "आख्ख्या गावाची बाळंतपणं आपल्याकडे आणि तुम्ही जाता परक्या दारात."

ताईनं ठरवलं होतं, की काहीतरी सारवासारव करायची. पण तिच्या तोंडून खरंच निघून गेलं. "तुमच्यासमोर मला ओरडता आलं नसतं गं."

 थोरल्या सिस्टरनं हातातली फळांची पिशवी ताईच्या नवऱ्याकडे दिली, पदराला हात पुसले, बाळाला उचललं आणि खिडकीशी नेऊन उजेडात पाहिलं. "नाक बापाचं आहे," ती म्हणाली. थोड्या वेळानं, पाठ फिरवूनच, म्हणाली, "पाठीचं विचारलं होतंत ना तुम्ही मला एकदा. मी हसले होते."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? अजून दुखते का?"

"दुखते."

"मग पाजताना अशा वाकून बसू नका. उशी घ्या. ही नाही, ती मोठी." आणि बोलता बोलता तिनं बाळाला ताईच्या हातात दिलं, उशी कमरेमागे सारली, दुसरी हाताखाली लावली, पायाखाली पाट ओढला. ती सांगेल तशी ताई सरकत होती, वळत होती. बाकीच्या जणी चहाचे कप घेऊन दारात उभ्या राहून बघत होत्या.

बाळाला उचकी लागली. इवलंसं अंग दर उचकीला दचकत होतं.

"हिला इतक्या उचक्या का लागतात गं?" ताईनं विचारलं.

थोरल्या सिस्टरनं तिच्याकडे निरखून पाहिलं, थट्टा तर नाही ना म्हणून. मग तिनं स्टूल ओढलं, पलंगाजवळ बसली आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.